आम्ही दहा-बारा जण मिळून गावात सेवाभावी ग्रुप सुरू करतोय, पहिल्या वर्षी कामं कोणती घ्यावीत आणि पैसे कसे जमवावेत?

तुम्ही विचारलंय की सगळे नोकरी-धंदा सांभाळून करणारे आहात, वर्गणी मागावी का, रजिस्ट्रेशन आधी करावं का नंतर, आणि लोगो, टी-शर्ट वगैरे आधी करून घ्यावं का. आमचा ग्रुप फलटणचा, 26 जानेवारी 2024 ला सुरू केला, तेव्हा 14 जण होतो. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे त्यामुळे हिशोबाची वही पहिल्याच मीटिंगला माझ्या गळ्यात पडली, म्हणून माझं उत्तर जरा पैशाच्याच अंगाने जाणार, समजून घ्या.

आधी पैशावरनंच सुरू करते कारण आमचा ग्रुप तिसऱ्याच महिन्यात फुटायला आला होता तो 3,400 रुपयांवरनं. झालं असं की खातं काही नव्हतं, मग एका पोराचा फोनपेचा नंबर ग्रुपवर टाकला की ज्याला द्यायचंय त्याने ह्याच्यावर टाका. पैसे यायला लागले, सगळे खूश, आणि महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या गाडीचा हप्ता आपोआप कट झाला तो त्याच खात्यातनं. त्याच्या ध्यानीमनी नाही. पगार उशिरा झाला होता, बाकी शिल्लक होती ती ग्रुपचीच. त्याने चार दिवसात भरले सुद्धा, पण तोवर चहाच्या टपरीवर "पोरांनी वर्गणीतनं गाडी घेतली" इथपर्यंत गोष्ट गेली होती. तो बिचारा दोन महिने मीटिंगला आला नाही. तेव्हा रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी दोघांच्या नावाने एक वेगळं जॉइंट खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं, आणि त्या खात्याला कुणाचाच हप्ता, रिचार्ज, काही काही जोडू नका. आणि दर महिन्याच्या एक तारखेला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. कुणी बघत नाही, तरी टाकायचा.

वर्गणीचं म्हणाल तर पावती पुस्तक छापून दारोदार फिरायच्या आधी एक गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती. नोंदणी नसताना लोकांकडून अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम 41क ची परवानगी लागते, गणपतीला मंडळं काढतात तीच. आम्हाला हे एका मंडळाच्या अध्यक्षांनी सांगितलं, तेही हसत हसत, आणि आम्ही 50 पानी दोन पुस्तकं छापून बसलेलो.

मग आम्ही वळलो रद्दीवर आणि खरं सांगू का, वर्षभरातला सगळ्यात चांगला निर्णय तोच. पैसे मागितले की माणूस खिसा चाचपतो, रद्दी मागितली की घरातली बाई स्वतः माळ्यावर चढते! दर महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी आठ ते अकरा, दोन टू-व्हीलर आणि एकाचा छोटा टेम्पो. पहिल्या खेपेला 186 किलो भरली, 12 रुपयाने 2,232 रुपये आले. नंतर एकीने घरून हुकाचा डिजिटल काटा आणला आणि आम्ही गठ्ठे आधी आपणच मोजले तर 212 भरले, दुकानात गेल्यावर तेच 190. का हो दादा, तर म्हणे "ओली आहे ताई, ओलीचं वजन धरत नाय." एप्रिल महिना, फलटणचं ऊन, आणि रद्दी ओली! तेव्हापासून काटा आमचाच आणि दुकान दुसरं. आणखी एक, रद्दीत जुने दिवाळी अंक भरपूर निघतात, ते गठ्ठ्यात घालू नका, वेगळे काढून 20-20 रुपयाला विका, आमचे दिवाळीच्या आसपास साठ-सत्तर गेले, घेणारे सगळे रिटायर्ड मास्तर. आणि रद्दी न्यायला गेलं की पाच मिनिटं बोलणं होतं, कुणाच्या घरी वॉकर पडून आहे, कुणाची आई एकटी असते, हे सगळं त्या दारात कळतं. आमची निम्मी कामं तिथनंच निघाली.

रक्तदान शिबिर सगळेच घेतात म्हणून आम्हीपण घेतलं, 12 मे ला, रविवारी. मे मध्ये मुद्दाम, कारण कॉलेजं बंद असतात, लोक गावाला जातात, आणि रक्ताचा तुटवडा नेमका तेव्हाच असतो. खाटा, स्टाफ, पिशव्या सगळं रक्तपेढी आणते, तुम्हाला फक्त हॉल, पंखे, चहा-बिस्किट आणि माणसं आणायची. माणसं आणणं हेच अवघड. व्हॉट्सअ‍ॅपवर 61 जणांनी अंगठा दाखवला होता, आले 38, आणि त्यातनं रक्त दिलं 27 जणांनी. बाकी 11 परत गेले, त्यात 9 बायका-मुली. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर, एवढं आम्ही मेसेजमध्ये टाकलं होतं पण हिमोग्लोबिन साडेबारा लागतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. एक कॉलेजची मुलगी, तिचं 8.2 निघालं. म्हणाली मला तर काहीच होत नाही, फक्त जिना चढला की दम लागतो. मी तिथेच होते, चहाच्या थर्मासजवळ, आणि मला एकदम वाटलं आपण 27 पिशव्यांचा फोटो काढतोय आणि खरी गोष्ट तर ह्या नऊ जणींची आहे.

त्यातनं पुढचं काम आलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर आणि आशाताईंना भेटलो, त्यांनी सांगितलं लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात, न्यायलाही येतात बायका, पण खात नाहीत. का, तर मळमळतं, शी काळी होते, मग घाबरून बंद. आणि ज्या खातात त्यातल्या कित्येकजणी चहाबरोबर घेतात, चहाने लोह नीट शोषलंच जात नाही. मग नोव्हेंबरात ऊसतोडीची माणसं आली, बीडकडची, फडाजवळ कोप्या टाकून राहतात, तिथे आम्ही सिस्टरबरोबर चार रविवार गेलो. आमचं काम काय तर वही धरायची, पोरं सांभाळायची, आणि पुढच्या रविवारी जाऊन विचारायचं गोळी संपली का. एवढंच. खर्च जवळपास शून्य, फोटो तर अजिबात नाही, आणि माझ्या मते वर्षातलं सगळ्यात धड काम हेच.

आता वारीचं सांगते कारण तिथे आम्ही सगळ्यात जास्त पैसे घालवले आणि सगळ्यात जास्त हसं करून घेतलं. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते. 2024 ला आषाढी 17 जुलैला होती, म्हणजे त्याच्या आधीचा आठवडा. आम्ही ठरवलं केळी आणि बिस्किटं वाटायची. 40 डझन केळी. तळावर जाऊन बघतो तर दर वीस पावलांवर कुणीतरी केळीच वाटतंय! वारकरी नको नको म्हणतायत आणि आमची पोरं हातात कोंबतायत. कडेला एक आजी बसल्या होत्या, परभणीकडच्या, चपलेचा पट्टा तुटलेला, सुतळीने पायाला बांधलेली. म्हणाल्या, "माय, केळं खाऊन खाऊन पोट भरलं, ह्या पट्ट्याचं काही व्हतंय का बघ." आळंदीपासून चालत आलेली बाई, अजून अर्धी वाट बाकी, आणि आम्ही केळं पुढे करतोय.

आमच्यातला एक जण बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांना ओळखत होता, त्यांना गाडीवर बसवून आणलं, आरी, रापी, दोरा, टायरचे तुकडे सगळी पेटी घेऊन. चार वाजता बसले ते रात्री अकराला उठले. एकजण लाइन लावतोय, एकजण टॉर्च धरतोय, आणि मी कुणाची चप्पल कुणाला जाते ते बघत होते कारण तिथे सगळ्या सारख्याच दिसतात. ऐंशीच्या वर जोड झाले. काका पैसे घेईनात, माऊलीचं काम म्हणाले, पण त्यांचा दिवसाचा धंदा बुडाला होता म्हणून आम्ही आग्रहाने 1,500 दिले आणि वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी पालखी बरडकडे गेल्यावर तळ साफ करायला गेलो, पत्रावळ्या, पाण्याचे ग्लास आणि केळीच्या साली. त्यातल्या निम्म्या आपल्याच असणार असं म्हणत उचलल्या.

त्याच वारीत एका माजी नगरसेवकांनी 11,000 देऊ केले, अट एकच, फ्लेक्सवर फोटो. विधानसभा तोंडावर होती ना. आमच्यात जोरदार भांडण झालं, शेवटी घेतले, मी सुद्धा हो म्हणाले होते, खोटं कशाला बोलू. पुढच्या रद्दीच्या रविवारी सात घरांनी दार उघडून सांगितलं की ह्या वेळी नाही. ती सात घरं कुठल्या बाजूची ते फलटणात कुणालाही न सांगता कळतं. परत यायला त्यांना डिसेंबर उजाडला. तुम्ही घ्या किंवा नका घेऊ, पण घेण्याआधी 11,000 मधून रद्दी वजा करून बघा.

रजिस्ट्रेशन आम्ही पावसाळ्यानंतर सुरू केलं. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली कमीत कमी 7 जण लागतात आणि आपल्याकडे त्याबरोबर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. साताऱ्याला तीन चकरा झाल्या, चूक आमचीच, एकाच्या आधारवर नाव वेगळं, पॅनवर वेगळं. माझं मत, आधी सहा महिने काम करून बघा, कोण टिकतंय ते कळू दे, मगच त्या 7 जणांत नाव घाला, नाहीतर सोडून गेलेल्या माणसाच्या सहीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं. 80जी ची पावती, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये सूट देणारी, मिळेल का असं नोकरदार लोक विचारतात, ती नोंदणीनंतर वेगळा अर्ज करून मिळते, नवीन टॅक्स पद्धत घेतलेल्यांना तिचा उपयोग नाही आणि 2,000 च्या वर रोख दिलेल्यांनाही नाही, तेव्हा त्याच्या जिवावर देणगी येईल असं धरू नका. आणि हे सगळं नकोच असेल तर तालुक्याला रोटरी किंवा लायन्स असेल तर तिथे जा, खातं, पावती सगळं तयार असतं, फक्त मेंबरशिपची फी भरावी लागते आणि त्यांच्या पद्धतीने चालावं लागतं. आम्हाला ते जमलं नसतं, आमच्या मीटिंगा टपरीवर होतात.

वर्षाचा हिशोब: जमा 61,340, खर्च 57,915, शिल्लक 3,425. शेवटचा आकडा वाचला तेव्हा सगळे त्या हप्तेवाल्या पोराकडे बघून हसले, तोही हसला. (तो आता रद्दीचा काटा धरतो, 100 ग्रॅम सोडत नाही.)

राहता राहिले टी-शर्ट. नका छापू हो एवढ्यात. आम्ही पहिल्याच महिन्यात 14 छापले, पाठीवर 'सेवा हाच धर्म', एक 280 ला. 14 तले पाच जण वर्षभरात गळाले, टी-शर्ट घेऊनच. त्यातला एक मला परवा बरडच्या रस्त्याला दिसला, मक्याच्या रानात, बुजगावण्याच्या अंगात, पाठ रस्त्याकडे करून.