वाचकांचे प्रश्न : गोगलगायीच्या गुच्छिका आणि ऑक्टोपसचा मेंदू

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीत जतन केलेली पायला गोगलगाय आहे आणि भिंतीवर ऑक्टोपसचे चित्र आहे. दोघेही मृदुकाय संघातले, असे सांगितले की मुले हमखास विचारतात की मग ऑक्टोपस एवढा हुशार आणि गोगलगाय मागे का राहिली. त्यांना काय सांगावे?
– विज्ञान शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांना सर्वप्रथम हे सांगावे की गोगलगाय मागे राहिलेली नाही. शिंपला, गोगलगाय आणि ऑक्टोपस यांची एकामागून एक प्रगतीच्या क्रमाने मांडणी करण्याची सवय जुन्या पाठ्यपुस्तकांनी आपल्याला लावली आहे, परंतु हे तिन्ही प्राणी सारख्याच दीर्घ काळाच्या उत्क्रांतीतून आलेले आहेत आणि प्रत्येकाची चेतासंस्था त्याच्या जगण्याला साजेशी घडलेली आहे. मृदुकायांच्या पूर्वजाकडे मेंदू म्हणावा असा मोठा गोळा बहुधा नव्हता. अन्ननलिकेभोवती चेतांचे एक कडे आणि तेथून मागे जाणाऱ्या चेतारज्जूंच्या दोन जोड्या, एक पायाकडे व एक आतड्यांच्या बाजूने, अशी ती रचना असावी. खडकांना चिकटून राहणाऱ्या कायटनमध्ये आजही जवळपास हाच आराखडा दिसतो. त्याच्या रज्जूंमध्ये चेतापेशी ठिकठिकाणी पुंजके न करता सर्वत्र पसरलेल्या असतात.

या आराखड्यातून पुढे वेगवेगळ्या वाटा फुटल्या. शिंपल्यांनी वाळूत रुतून पाणी गाळण्याचे जीवन पत्करले, त्यांचे डोके जवळपास नाहीसे झाले आणि गुच्छिकांच्या, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांच्या, तीन जोड्यांवर त्यांचे काम भागू लागले. तरीही त्यांना कमी लेखू नये, कारण त्यांच्यातल्याच स्कॅलप नावाच्या शिंपल्याच्या कडेला दोनशेपर्यंत डोळे असू शकतात. त्या डोळ्यांत प्रतिमा तयार करण्याचे मुख्य काम भिंगाऐवजी आतला आरसा करतो. गोगलगायींमध्ये पेशी गुच्छिकांत एकवटल्या. अॅप्लिशिया या सागरी गोगलगायीच्या मध्यवर्ती गुच्छिकांत सुमारे 20,000 चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही तर जवळपास 1 मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोग्या असतात. कल्ला आत ओढून घेण्याची तिची साधी प्रतिक्रिया अनुभवाने कशी बदलते, याचा पेशीपर्यंत माग काढून एरिक कँडेल यांनी स्मृतीचे रासायनिक स्वरूप उलगडले आणि 2000 सालच्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी ठरले. ज्या प्राण्याला मुले मंद समजतात, त्याच्याकडूनच माणूस आपल्या स्मरणशक्तीविषयी शिकला, हे त्यांना अवश्य सांगावे.

ऑक्टोपसच्या पूर्वजांनी बाहेरचे कवच टाकले. संरक्षण गेले, शिकार करावी लागली आणि शिकार होण्यापासून बचावही करावा लागला. त्याच्या शरीरात सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश मेंदूत नसून आठ बाहूंमध्ये असतात, त्यामुळे बाहूच्या हालचालींचे बरेच बारकावे बाहूतच ठरतात. त्याचा मध्यवर्ती मेंदू मेदुवड्यासारखा आहे आणि मधल्या भोकातून अन्ननलिका जाते. मृदुकायांचे मूळचे कडे इथे फुगून मोठे झाले आहे, एवढाच त्याचा अर्थ. जनुकांच्या आधारे मृदुकायांची वंशावळ नव्याने मांडणारे दोन मोठे अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. या वंशावळीवर चेतासंस्थांची मांडणी करून पाहिली, तर चेतापेशी एकवटण्याची घटना या संघात एकदाच न घडता वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे घडली असावी, असे दिसते.

प्रश्न : नागपूरच्या टाकळी भागात गोगलगायींचे जीवाश्म सापडतात, असे भूशास्त्राच्या तासाला शिकवले गेले. जीवाश्मांत चेता टिकत नाहीत, तर मग त्यांच्या उत्क्रांतीविषयी इतक्या खात्रीने कसे बोलता येते?
– पदवीचा विद्यार्थी, धंतोली, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर व जीवाश्मांवर 1855 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. टाकळीच्या थरांत बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाच्या, दोन प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात फायसासारख्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची कवचे मिळतात, पण कवचाच्या आतले मऊ शरीर राहिलेले नसते. म्हणून अभ्यासकांना जिवंत प्राण्यांच्या भ्रूणांकडे वळावे लागते आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत विलोभनीय भाग तोच आहे.

बहुतेक सागरी गोगलगायींची अंडी फुटल्यावर किंवा अंड्यातच पोहणारा सूक्ष्म डिंभ, म्हणजे प्रौढापेक्षा वेगळी दिसणारी सुरुवातीची अवस्था, तयार होतो. त्याच्या टोकाला शिखर-इंद्रिय नावाचा पेशींचा छोटा गट असतो. त्यातल्या काही पेशी सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वापरतात. मागच्या बाजूला आणखी काही पेशी लवकर उगवतात व पुढे धागे पाठवतात, आणि ज्या मार्गाने हे धागे जातात त्याच मार्गाच्या आसपास नंतर प्रौढ प्राण्याचे चेतारज्जू उभे राहतात. गुच्छिका मात्र वेगळ्या प्रकारे घडतात. भ्रूणाच्या बाह्यस्तरातल्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातल्या, पेशी आत उतरतात, जागा बदलतात आणि एकत्र येतात. डिंभाचे प्रौढात रूपांतरण होते त्या वेळी कित्येक जातींत शिखर-इंद्रिय नाहीसे होते.

डिंभावस्थेतच गोगलगायीच्या शरीराला 180 अंशांचा पीळ पडतो आणि मागचा भाग डोक्यावर येतो. काही जातींत या पिळाचा पहिला टप्पा काही तासांतच पार पडतो. पिळाबरोबर आतड्यांकडे जाणाऱ्या चेता एकमेकींना ओलांडतात आणि प्रौढपणीही तशाच राहतात. पायला गोगलगायीत उजव्या बाजूने निघालेली एक चेता अन्ननलिकेच्या वरून डावीकडे जाते, ती याच पिळाची खूण आहे. अॅप्लिशियाच्या कुळात हा पीळ पुन्हा बराचसा सुटला आणि चेता सरळ झाल्या.

ऑक्टोपसमध्ये असा डिंभ नसतो, भ्रूणापासून थेट पिल्लू घडते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की त्याच्या मेंदूच्या बऱ्याच पेशी मेंदूत जन्मतच नाहीत. डोळ्याभोवतीच्या पट्ट्यांत त्या तयार होतात आणि तेथून स्थलांतर करून मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत जाऊन बसतात. त्या पट्ट्यांत कार्यरत असलेली न्यूरोजेनिन आणि न्यूरोडी यांसारखी जनुके पृष्ठवंशी प्राण्यांच्या चेतापेशी घडवणाऱ्या जनुकांच्याच कुळातली आहेत. दोन्ही वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले, मेंदू स्वतंत्रपणे मोठे झाले, तरी वापरलेली जनुके जुन्याच सामायिक वारशातली आहेत.

प्रश्न : स्क्विडच्या एका तंतूवर नोबेल मिळाल्याचे वाचले. तो तंतू एवढा जाड का असतो?
– निवृत्त अभियंता, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपल्या चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण असते, त्यामुळे संदेश वेगाने जातो. मृदुकायांकडे ते आवरण नाही आणि वेग वाढवण्याचा दुसरा उपाय म्हणजे तंतू जाड करणे. स्क्विड, म्हणजे आपली म्हाकूळ, शरीराभोवतीच्या मांसल प्रावाराचे स्नायू एकदम आवळून पाणी जोरात बाहेर फेकते आणि उलट्या दिशेने निसटते. एवढ्यासाठी वाढलेला हा तंतू काही जातींत जवळपास 1 मिलिमीटर जाडीचा असतो. विशेष म्हणजे तो एका पेशीचा नाही. भ्रूणाच्या वाढीत अनेक पेशींचे तंतू एकमेकांत मिसळून तो बनतो. प्रावाराच्या दूरच्या भागाकडे जाणारे तंतू अधिक जाड आणि जवळचे बारीक असतात, त्यामुळे संदेश सगळीकडे जवळपास एकाच क्षणी पोहोचतो आणि सर्व स्नायू एकत्र आवळले जातात. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये या तंतूचे महत्त्व दाखवून दिले. 1939 मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथे अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी त्याच्या आत विद्युताग्र (इलेक्ट्रोड) घालून विद्युत आवेग मोजला, 1952 मध्ये त्याचे गणित मांडले आणि 1963 चे नोबेल त्यांना जॉन एक्लिस यांच्यासह मिळाले. सोडियम आत येते आणि पोटॅशियम बाहेर जाते, हे वर्णन आज आपल्या स्वतःच्या चेतांनाही तसेच लागू होते.