दुबईला निघालेल्या भाच्याला

भाचेबुवा, ताईने बांधून दिलेले अनारसे इंदूरलाच ठेव. त्यावरच्या खसखशीला अमिरातीत बंदी आहे, थट्टा नाही. कोडीनचं खोकल्याचं औषधही परवानगीशिवाय चालत नाही. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेव. माझ्या मोठ्या बॅगेत गेल्या आणि बॅग 2 दिवसांनी आली. तोवर बीपी मामीच्या आवाजाइतका चढला होता. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री 12 वाजता गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद, पचवणारं हे पोट तिथल्या पहिल्याच बुफेत आडवं झालं. टूथब्रशच्या ग्लासात ओआरएस ढवळत रात्र काढली. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा हं, वाढायचा नव्हे! शेव मात्र खुशाल ने.