एनएसएसमध्ये नाव घालू का? झाडं लावून, साफसफाई करून परिसराला खरंच काही फरक पडतो का?

तू लिहिलंयस की बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहेस, कॉलेजात एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, नोंदणी चालू आहे आणि वर्गातली मुलं म्हणतात, "दोन वर्षं नुसते तास भरायचे, सर्टिफिकेट घ्यायचं." त्यातून परिसराचं खरंच काही भलं होतं का, असा तुझा प्रश्न. वयाने लहान आहेस म्हणून 'तू' म्हणते.

नाव घाल. पण "तास भरायचे" हे वाचल्यावर मला गप्प बसवेना. या तासांवरून माझं एक जुनं भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी २०१७ मध्ये नाव घातलं. सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कॉलेज. त्या वर्षी १ ते ७ जुलै या आठवड्यात राज्यभर ४ कोटी झाडं लावायची होती आणि आमच्या युनिटच्या वाट्याला ५०० रोपं आली. करंज, कडुनिंब, काशीद, थोडे गुलमोहर. युनिटने दत्तक घेतलेल्या गावाच्या गायरानावर खड्डे आधीच काढून ठेवलेले होते. आम्ही शंभर जण ट्रॅक्टरमधून गेलो आणि दोन तासांत सगळं आटोपून परत आलो. एनएसएसच्या डायरीत प्रत्येकाला चार तास मिळाले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, घरी जाऊन आईला तीनतीनदा सांगितलं.

डिसेंबरात सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर त्याच गावात होतं. पहिल्याच सकाळी मी नि माझी मैत्रीण गायरानावर गेलो. एक करंज वाळून काडी झालं होतं, ते मी ओढलं तर अलगद हातात आलं. सोबत काळी पिशवीही आली. कुणीतरी पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात ठेवून वर माती लोटली होती. पिशवी फाडून बघितली तर आत मुळं गोल गोल फिरून सुतळीच्या गुंडाळीसारखी झाली होती. पाच महिने ते झाड जमिनीत होतं आणि जमिनीला लागलंच नव्हतं. कुणी लावलं असेल? आमच्यातल्याच कुणीतरी. कदाचित मीच, कारण लावताना पिशवी काढली की नाही हे मला प्रत्येक झाडाचं आठवत नाही.

शिबिरात मोजली तेव्हा १४० जिवंत होती. मार्च उजाडला तेव्हा २३.

त्या २३ झाडांना पाणी घालायचं आम्ही दोघींनी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजपासून गायरान सात किलोमीटर. पहाटे साडेपाचला सायकलवर निघायचं, दोघींकडे प्रत्येकी दहा-दहा लिटरचे दोन कॅन, शाळेजवळच्या हापशावर भरायचे आणि दोनशे पावलं चालत न्यायचे. एका झाडाला आठ लिटर धरलं तरी पाच खेपा. घरी परत येईपर्यंत तीन तास सहज जायचे. एप्रिलमध्ये परीक्षा होती, तेव्हासुद्धा पेपर नसेल त्या दिवशी गेलो.

खरं शिक्षण तिथे झालं आणि ते दिलं शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी. पहिले आठ दिवस त्या लांबून नुसत्या बघत होत्या. मग एकदा जवळ येऊन म्हणाल्या, "पोरींनो, वरवर शिंपडताय व्हय? मुळं वरच राहतील की, आन् एक दिवस चुकला की जळतील. आठवड्यातनं एकदाच घाला, पर पोटभर घाला." त्यांनी आळं कसं करायचं ते दाखवलं. आळ्यात बोटभर जाडीचा पालापाचोळा पसरायचा, म्हणजे ओल उडत नाही. बोरी-बाभळीच्या फाट्या तोडून भोवती काटे रोवायचे, म्हणजे शेळी तोंड घालत नाही. ते काटे रोवायला त्या स्वतः आल्या, आणि शेळ्या त्यांच्याच होत्या! त्यांच्या सांगण्यावरून आम्ही झाडं दोन भागांत वाटली. एका दिवशी निम्मी, दुसऱ्या दिवशी निम्मी, प्रत्येकाला दुप्पट पाणी. एप्रिल संपता संपता हापसा नुसताच खडखडायला लागला, तेव्हा जवळच्या मळ्यातल्या विहिरीवर त्याच बोलल्या. मळेवाले काका मोटर चालू असेल तेव्हा भरून घ्या म्हणाले, पण वीज यायची रात्री नाहीतर भर दुपारी. मग दुपारीही गेलो. सोलापूरकडचं मे महिन्यातलं ऊन ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा १४ झाडं उभी होती. एकूण ३१ फेऱ्या, ९३ तास. मी तारीखवार लिहून ठेवले होते.

कॉलेज उघडल्यावर दोघींनी डायऱ्या सरांसमोर ठेवल्या. सर म्हणजे आमचे कार्यक्रम अधिकारी, कॉलेजात एनएसएस सांभाळणारे प्राध्यापक. ते वाचत गेले, मग लाल पेन काढलं, पट्टी काढली, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिरकी रेघ मारली. पट्टी ठेवून, सरळ. म्हणाले, "सुट्टीतलं काम धरता येत नाही. आणि पाणी घालणं हा काही उपक्रम नाही." मी म्हटलं, "सर, मग उपक्रम म्हणजे काय?" ते म्हणाले, "ज्याचा अहवाल पाठवता येतो तो."

मी रडले नाही, पण ती रेघ अजून डोळ्यांपुढे आहे. एनएसएसचा बिल्ला बघ. त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक आहे. चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार असा त्याचा अर्थ. ओरिएंटेशनला हे आम्हाला त्याच सरांनी शिकवलं होतं. आठही प्रहर तयार राहायचं, पण उन्हाळ्याची सुट्टी सोडून?

माझं फारसं बिघडलं नाही. मला रविवार मोकळे असायचे, त्यामुळे प्रभातफेऱ्या, रॅल्या, पथनाट्यं यांत माझे दोन वर्षांत भरायचे २४० तास झाले. बिघडलं मैत्रिणीचं. ती रविवारी एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची, घरी त्या पैशांची गरज होती. आणि रॅल्या सगळ्या रविवारी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिचे १७८ तास भरले. ६२ कमी पडले. तिने उन्हात वाहिलेले ९३ तास धरले असते तर भागून वर उरले असते. तिला सर्टिफिकेट मिळालं नाही, आमच्या वेळी मिळायचे ते दहा गुणही मिळाले नाहीत. प्रभातफेरीत मागच्या रांगेत गप्पा मारत चालणाऱ्यांना मिळालं.

म्हणून तुझ्या वर्गातल्या मुलांना सांग, तास भरणं वाईट नाही. कुठले तास मोजले जातात ते वाईट आहे. एनएसएस १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं, ते विद्यार्थ्याने हाताने काम करून शिकावं म्हणून. आणि परिसरातलं हाताचं काम नेमकं कधी असतं? झाड लावायला दहा मिनिटं लागतात. ते जगवायला निदान दोन-तीन उन्हाळे लागतात, आणि उन्हाळा नेमका सुट्टीत येतो. जे काम सुट्टीतच करावं लागतं त्याचे तास सुट्टीत आहेत म्हणून धरायचे नाहीत, हे मला आजही कळलेलं नाही.

रॅलीने काही होत नाही, हे माझं ठाम मत आहे. "झाडे लावा, झाडे जगवा" हा फलक मी स्वतः तीन वेळा धरलाय. त्यातला दुसरा अर्धा भाग करायला गेलो तर त्यावर लाल रेघ आली.

आणि ५ जूनला झाडं लावू नका, निदान आमच्यासारख्या कोरड्या भागात तरी. १९७२ ची स्टॉकहोमची संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद ५ जूनला सुरू झाली म्हणून तो पर्यावरण दिन. आपल्या पावसाशी त्या तारखेचा काही संबंध नाही, मृगसुद्धा त्यानंतर लागतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की मगच लावायची. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे, तो आपल्याकडे पुष्कळ बरा. ५ जूनला काही करायचंच असेल तर गेल्या वर्षीची मोजा. त्या मोजणीचा फ्लेक्स लावणारं कॉलेज मला अजून दिसलेलं नाही, कुणाला दिसलं असेल तर जरूर सांगा.

साफसफाईचं विचारलंयस. ते मी कमी केलंय, त्यामुळे थोडक्यात सांगते. एक दिवस नदीघाट साफ करून फोटो काढला तर पुढच्या रविवारी घाट होता तसाच असतो. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सफाई सुरू केली. तिथे फरक दिसला, कारण माणसं त्याच किनाऱ्यावर दर आठवड्याला परत आली. तुझं युनिट दर महिन्याला नवी जागा निवडत असेल तर त्यात माझा जीव रमणार नाही. एकच ओढा, एकच घाट, गावाबाहेरचा एकच उकिरडा घ्या आणि वर्षभर त्याच्यामागे लागा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. एक, सगळे कार्यक्रम अधिकारी असे नसतात. आमच्या सरांनंतर ज्या मॅडम आल्या त्यांनी उन्हाळ्यातलं पाणी घालणं 'नियमित कार्य' म्हणून धरलं, मुलांच्या पाळ्या लावून दिल्या. त्याच कॉलेजात, त्याच विद्यापीठात. म्हणजे अडत नव्हतं, अडवलं गेलं होतं. सरांची बाजू म्हणशील तर त्यांच्यावर शिकवायचं ओझं होतं आणि आम्ही खरंच गेलो की नाही हे तपासायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं. पण त्यांनी मावशींना एकदा तरी विचारायचं.

दोन, ती जागाच झाडांची होती का, याची मला आता खात्री वाटत नाही. मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "हितं गवत चांगलं येतं, झाडं कशाला लावताय?" तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे कळलं की माळरान म्हणजे पडीक, उजाड जमीन नव्हे. आमच्याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते गवताळ माळ आहे म्हणूनच. लांडगा, काळवीट, धाविक पक्षी यांना मोकळा माळच लागतो. तेव्हा खड्डे घेण्याआधी तिथे जनावरं चारणाऱ्या माणसाला विचारा. बांध, ओढ्याकाठ, शाळेचं आवार, रस्त्याची कड इथे लावलेलं झाड कुणाचं खात नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी जाऊन आलो. १४ पैकी ११ आहेत. दोन करंजांच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या.

तुला माझं सांगणं एवढंच की पहिल्याच बैठकीत हात वर करून विचार, "सर, एप्रिल-मेमध्ये झाडांना पाणी घातलं तर ते तास धरणार का?" सगळ्यांसमोर विचार, आणि उत्तर डायरीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून त्याखाली सही घे. "नाही" म्हणाले तरी नाव घालच, पण मग तुझ्याबरोबर पाणी घालायला येणाऱ्या ज्या कुणाला रविवारी काम असेल, त्याचे तास आधी दुसरीकडे भरून घे. आम्ही ते केलं नाही. काय उत्तर मिळतं ते इथे नक्की लिही, मी वाट बघतेय.