सराफीतल्या शंका : कुशन हिरा घेताना वजनाआधी माप विचारा

परतवाड्याच्या घरच्या सराफी दुकानात हिऱ्यांचं काउंटर सांभाळणाऱ्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही वरूड तालुक्यातले, घरची संत्र्याची बाग आहे. माघात माझं साक्षगंध ठरलं आहे. होणारी बायको प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिला कुशन कट (गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनी) हिऱ्याची अंगठी आवडते, मोबाइलवर फोटो पाठवलेत. आंबिया बहार यंदा बऱ्या भावात गेला, म्हणून दीड लाखापर्यंत तयारी ठेवली आहे. एका दुकानात एक कॅरटचा कुशन अगदी कमी भावात दाखवला, पण कागद काही नाही, ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ म्हणाले. दुसऱ्या दुकानात जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा कागद असलेला हिरा आहे. त्या कागदाचा फोटो सोबत जोडला आहे. पण त्यावर कटचा रकानाच नाही! मग कट चांगला की वाईट हे कळणार कसं? आई म्हणते सोनं बावीसचंच घे, आणि हे चौकोनी हिरे म्हणजे परदेशी थेर. काय करू?
— एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : भाऊ, आधी मनापासून अभिनंदन. कागदाचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय.

बिनकागदाच्या एक कॅरटचा विषय इथेच संपवू. तो हिरा नैसर्गिक आहे, प्रयोगशाळेत वाढवलेला आहे की मोइसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा) आहे, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर ठरत नाही. लाखाच्या घरातली खरेदी करताना कागद मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको.

आता दुसरा हिरा. कागदावर कटचा रकाना नाही यात दुकानदाराची काही लबाडी नाही. जीआयए कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्याला देते. कुशन, ओव्हल, पेअर अशा आकारांना पॉलिश आणि सिमेट्री एवढंच लिहून मिळतं. म्हणून कुशन घेताना गिऱ्हाइकाची खरी कसोटी लागते. रंग, शुद्धता, वजन हे सगळं कागद सांगतो, पण हिरा जिवंत दिसतो की मरगळलेला, हे तुम्हालाच बघावं लागतं. माझ्या काउंटरवर येणारी बहुतेक मंडळी पहिला प्रश्न ‘किती कॅरटचा?’ असा विचारतात. कुशनला हा प्रश्न अपुरा आहे. ‘माप किती?’ हे आधी विचारा.

का, ते तुमच्याच हिऱ्यावर दाखवते. कागद म्हणतो : वजन 0.51 कॅरट, माप 4.35 × 4.30 × 3.20 मिलिमीटर. यातला शेवटचा आकडा खोलीचा. 3.20 ला 4.30 ने भागलं की खोली 74 टक्क्यांवर जाते. कुशनमध्ये मी साधारण 61 ते 68 टक्क्यांच्या आत राहायला सांगते. 74 म्हणजे हिऱ्याचं वजन खाली, कोंदणाच्या पोटात दडलंय. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको : जाड सालीचं संत्रं काट्यावर भरतं, फोडी मात्र लहानच निघतात. पैसे तुम्ही 0.51 चे द्याल आणि बोटात त्याहून लहान हिरा दिसेल.

त्याच दुकानदाराला सांगा, 0.47 ते 0.49 च्या दरम्यानचे कुशन मागवून द्या आणि त्यांची मापं आधी कळवा. 4.50 × 4.42 × 2.87 असं काही मिळालं, तर खोली 65 टक्के होते आणि 0.48 वजनाचा हा हिरा वरून तुमच्या 0.51 पेक्षा मोठा दिसतो. शिवाय अर्ध्या कॅरटचा आकडा ओलांडला की दर कॅरटचा भाव वर उडी घेतो. त्या आकड्याच्या जरा अलीकडे थांबलं की पैसे वाचतात. एक कॅरटलाही हाच हिशेब. गोल हिऱ्याशी तुलना मात्र करू नका. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा भरतो, तेवढ्याच वजनाचा कुशन साडेपाच ते सहाच्या मध्ये. आकारच तसा आहे. त्या बदल्यात कुशनचा भाव गोलापेक्षा कमी असतो, कारण कच्च्या खड्यातला माल कापताना कमी वाया जातो.

आता प्रत्यक्ष बघणं. कुशनमध्ये दोन जाती दिसतील. एकीत पैलू मोठे, स्पष्ट. हिरा हलवला की पांढऱ्या आणि रंगीत उजेडाचे रुंद पट्टे एकामागून एक पेटतात आणि विझतात. दुसरीत सगळीकडे बारीक बारीक चमक, बाजारात तिला ‘क्रश्ड आइस’ म्हणतात. कागदावर ‘कुशन ब्रिलियंट’ असेल तर बहुधा पहिली जात निघते, ‘कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट’ असेल तर पुष्कळदा दुसरी. पण शब्दावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. मला स्वतःला मोठ्या पैलूंचा आवडतो. गावातल्या घरात, एका ट्यूबलाइटच्या उजेडातही तो बोलतो. बारीक चमकेचा हिरा दुकानात झगमगतो, पण मंद उजेडात त्याचा मधला भाग दुधाळ, सपाट वाटू शकतो. तुमच्या होणाऱ्या बायकोने पाठवलेले फोटो नीट निरखा. तिला कोणती जात आवडते ते त्यातच आहे, आणि शेवटी तिचीच आवड चालली पाहिजे.

दुकानातले छतावरचे पिवळे-पांढरे फोकस दिवे कोणत्याही खड्याला नाचवतात. म्हणून हिरा सुटा असतानाच, अंगठीत बसवण्याआधी, चिमट्यात धरून दाराशी न्यायला सांगा. आधी सावलीतला उजेड, मग ऊन, मग आत येऊन साध्या ट्यूबखाली. हिरा सावकाश डावी-उजवीकडे कलता करा. मध्यभागी काळा पट्टा पडतो का आणि कलवल्यावर तो हलतो का, ते बघा. लांबट कुशनमध्ये असा पट्टा बऱ्याचदा असतो. हलला तर ठीक, ठाण मांडून बसला तर तो हिरा परत करा. मग तोच हिरा बोटावर सरळ ठेवा. मधून कातडीची रेघ आरपार दिसली, तर तिथून उजेड गळतोय, म्हणजे कट उथळ आहे. चारही कोपऱ्यांची गोलाई सारखी आहे का, एखादी कड चपटी आहे का, हे दहापट भिंगातून पाहा. भिंग मागायला लाजू नका, चांगला सराफ आपणहून देतो. भिंग हातात आहे तोवर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबरही शोधायला सांगा. तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि तोच नंबर जीआयएच्या संकेतस्थळावर टाकून तुमच्या मोबाइलवर सगळी माहिती ताडून घ्या.

चौकोनी की लांबट, ही आवड ज्याची त्याची. लांबी भागिले रुंदी 1.05 पर्यंत असेल तर चौकोनी दिसतो, 1.15 च्या पुढे लांबटपणा जाणवू लागतो.

तुमच्या कागदावर रंग एच (डी सगळ्यात पांढरा, पुढच्या अक्षरांना पिवळसरपणा वाढत जातो) आणि शुद्धता व्हीएस-2 (फार बारीक दोष) आहे. हे दोन्ही मला पसंत आहेत, नवा हिरा घेताना एवढंच ठेवा. कुशनच्या कोपऱ्यांत रंग जरा साचतो, त्यामुळे पांढऱ्या सोन्यात बसवायचा असता तर मी जी किंवा एच म्हटलं असतं. पिवळ्या सोन्यात आय रंगसुद्धा छान खपतो. व्हीएस-2 मधला दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या वरच्या व्हीव्हीएस श्रेणीसाठी जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ते चांगल्या कटवर घाला. फ्लुओरोसन्सच्या (अतिनील किरणांत हिरा किती उजळतो त्याच्या) रकान्यात मात्र ‘स्ट्राँग’ लिहिलंय. असे काही हिरे कडक उन्हात धुरकट दिसतात. सगळेच नाही, पण आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तेव्हा उन्हात बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

आता आईंचा मुद्दा. काकूंना सांगा, बावीस कॅरट सोनं मऊ असतं. पाटल्या-बांगड्यांना ते उत्तम, पण हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या त्यात कालांतराने वाकतात. हिऱ्याच्या अंगठीला अठरा कॅरटच घ्या, त्यावर 750 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. आणि हा कट परदेशी थेर अजिबात नाही. कोपरे गोल, कडा किंचित फुगीर असा हा घाट खाणीतून निघणाऱ्या हिऱ्यांना हाताने पैलू पाडायच्या काळापासून चालत आलाय. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातला 45.52 कॅरटचा होप हिरा याच घाटाचा, पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातला 140 कॅरटांचा रीजंटही याच घाटाचा, आणि दोघांचंही मूळ आपल्या कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतलं मानतात. इतकं लांब कशाला, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडलाही हिऱ्याची खाण होती, आइन-ए-अकबरीत तिचा उल्लेख आहे. विदर्भाच्या माणसाला हिरा परका नाही.

सूनबाई नर्स आहेत, त्यामुळे घडण ठरवताना त्यांचे हात डोळ्यांसमोर ठेवा. दिवसातून कितीदा तरी हातमोजे चढवायचे आणि काढायचे. उंच उभ्या नख्यांची अंगठी मोजा फाडते आणि स्वतःही अडकते. हिरा बोटालगत बसवलेला, चारही बाजूंनी सोन्याच्या पातळ पट्टीने वेढलेला, अशी घडण सांगा. कुशनला ती शोभते. नख्याच हव्या असतील तर कोपऱ्यांवर येतील अशा चार, बुटक्या आणि गुळगुळीत. दवाखान्यात फरशी पुसायला, सामान निर्जंतुक करायला हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी) वापरतात. हिऱ्याला त्याने काही होत नाही, पण अठरा कॅरट सोन्यातल्या मिश्रधातूला ते खातं. ड्युटीवर अंगठी काढून गळ्यातल्या साखळीत ओवायची सवय लावली तर सगळ्यात बरं. हात धुवायचा साबण आणि मलम यांचा थर हिऱ्यावर फार पटकन बसतो आणि चांगला हिराही मंद दिसू लागतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, एवढ्याने तो पुन्हा लख्ख होतो.

दीड लाखात सोनं, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वजा जाता अर्ध्या कॅरटच्या आसपासचा चांगल्या कटचा नैसर्गिक हिरा बसू शकतो. प्रयोगशाळेत वाढवलेला घेतलात तर तेवढ्यात एक कॅरटच्या वरचा येईल आणि पैसेही उरतील. तोही खरा हिराच आहे, तेच कार्बन, तोच कठीणपणा. मात्र गेल्या काही वर्षांत त्याचे भाव सतत उतरले आहेत आणि परत विकायला गेलं तर हाती फारसं काही येत नाही. म्हणून दोघं मिळून ठरवा. साक्षगंधाच्या दिवशी अंगठी उघडल्यावर मुलीला पहिल्यांदा कळावं की हा लॅबचा आहे, असं होऊ देऊ नका. कोणताही घ्या, बिलावर नैसर्गिक की लॅब-ग्रोन हे स्पष्ट लिहून घ्या. सोन्याचं नक्त वजन आणि हिऱ्याचं वजन वेगवेगळं मांडलेलं असावं. अर्धा कॅरट म्हणजे 0.1 ग्रॅम, तेवढं वजन सोन्याच्या भावात धरलेलं नाही ना, ते तिथेच तपासा.

बोटाचं माप संध्याकाळी घ्या. सकाळी बोटं बारीक असतात.

प्रश्न : माझ्या आजीच्या अंगठीत एक गोल हिरा आहे. मुलीला कुशन आकार हवा आहे. तोच हिरा कापून कुशन करता येईल का?
— एक वाचक भगिनी, दारव्हा

उत्तर : ताई, करता येतो, पण कृपा करून करू नका. गोलाचा कुशन करताना वजन बरंच जातं, कापताना हिरा तडकण्याची जोखीमही असते, आणि आजीचा हिरा तो आजीचा राहत नाही. त्याऐवजी मधला गोल हिरा तसाच ठेवून त्याच्याभोवती बारीक हिऱ्यांची एक ओळ कुशनच्या घाटात बसवून घ्या. वरून अंगठी कुशनचीच दिसते. एवढं करा, घडवायला देण्याआधी हिऱ्याचं वजन आणि माप तुमच्यासमोर घेऊन पावतीवर लिहून घ्या, आणि भिंगातून त्यातला एखादा ठळक दोष बघून त्याची जागा कागदावर रेखाटून ठेवा. अंगठी परत आली की तोच हिरा आहे हे ओळखायला ते चित्र उपयोगी पडतं. जुन्या सोन्यात पितळी जोड किंवा डाग (झाळलेले सांधे) असतील तर नव्या अंगठीला ते वापरू नका, मोडीत काढा.

प्रश्न : फुंकर मारून वाफ लगेच उडाली तर हिरा खरा, असं ऐकलं. दुकानातल्या पेनसारख्या यंत्राने पीप वाजलं की झालं का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : नाही. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो म्हणून वाफ उडते, पण मोइसनाइटवरूनही ती उडते. साधं पेन उष्णताच मोजतं, त्यामुळे मोइसनाइटलाही ते हिरा म्हणतं, आणि लॅबच्या हिऱ्याला तर म्हणणारच, कारण तो हिराच आहे. मोइसनाइट ओळखायला दहापट भिंगातून तिरपं बघा, मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. हिऱ्यात त्या एकेरीच दिसतात. नैसर्गिक आणि लॅबचा यांतला फरक मात्र डोळ्यांनी किंवा पेनने कळत नाही, त्याला मोठी यंत्रं लागतात. नागपूरला इतवारीत खरेदी करा किंवा तालुक्याला, सर्टिफिकेट त्यासाठीच मागायचं. आणि काचेवर ओरखडा काढून बघू नका. काच तर मोइसनाइटनेही कापते, वर हिऱ्याच्या कडेचा टवका उडाला तर तुमचंच नुकसान.