गाडी पार्किंगमध्ये रिव्हर्स घेऊन लावावी की सरळ पुढून घुसवावी?

रिव्हर्सच घ्या, विशेषतः सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

गाडीची पुढची चाकं वळतात, मागची नुसती मागोमाग येतात आणि वळणाच्या आतल्या बाजूने जातात. म्हणून दोन खांबांच्या मधे पुढून शिरलात की तोंड व्यवस्थित आत जातं आणि मागचा दरवाजा खांबाला घासतो. रिव्हर्समध्ये आधी मागची चाकं जागेवर बसतात, मग मोकळ्या बाजूला असलेलं तोंड हवं तसं फिरवून गाडी सरळ करता येते.

पण माझ्या लेखी खरं कारण बाहेर पडताना कळतं. पुढून लावलेली गाडी मागे काढताना शेजारच्या एसयूव्हीपलीकडचं काही दिसत नाही. तुमची डिकी रस्त्यावर आलेली असते, तुम्ही मात्र अजून दोन गाड्यांच्या आडच असता. तेवढ्यात सायकलवरचं पोरगं आलं तर? १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत, पण ते मागचं जवळचंच सांगतात. आडवं वेगात येणारं त्यांना वेळेत कळेलच असं नाही. आत शिरताना निदान जागा रिकामी आहे हे आपण आधी बघितलेलं असतं.

तिरप्या आखलेल्या जागेत मात्र आखणी असेल तसंच लावा. किराण्याने डिकी भरायची असेल आणि मागे भिंत असेल, तर पुढून लावणंच सोयीचं. तळमजल्यावर कुणाची खिडकी असेल तर सायलेन्सर तिकडे करू नका, सगळा धूर घरात जातो.