नातू उचापती फार करतो, बोलत मात्र नाही

प्रश्न : नातू २५ महिन्यांचा आहे. सांगितलेलं सगळं समजतं, पण 'आई', 'पा', 'भूभू' असे जेमतेम पंधरा शब्द. दिवसभर कणकेचा डबा उपडा कर, चपला मोरीत टाक. अडवलं की चावतो. घरी मराठी, शेजारी गुजराती, त्यामुळे गोंधळतोय का? कुणी म्हणतं जीभ चिकटलीय, कुणी म्हणतं वेखंड चाटवा.
— एक आजी, दांडिया बजार, वडोदरा

उत्तर : वेखंड पोटात देऊ नका, लहान मुलांना त्याने उलट्या होऊ शकतात. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर काही उच्चार अस्पष्ट येतील, पण शब्दच फुटत नाहीत असं त्याने होत नाही. गुजरातीचाही दोष नाही. उलट शब्द मोजताना घरचा 'झोका' आणि शेजारचा 'हिंचको' दोन्ही धरा. 'पा' दर वेळी पाण्यासाठीच असेल तर तो शब्दच, 'म्याऊ'सुद्धा. दोन वर्षांपर्यंत निदान ५० शब्द आणि 'बाबा ये' अशा जोड्या यायला हव्यात. सगळं धरूनही पंधराच भरत असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका.

आधी कान. कुकरच्या शिट्टीला वळतो म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की मोठे आवाज कळतात, पण बोलण्यातले बारीक आवाज पुसट होतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते ओएई, गरज पडल्यास बेरा या ऐकण्याच्या तपासण्या सांगतील. बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ मागा आणि वाटेत रिक्षात डोळा लागू देऊ नका. झोप आधीच झाली की खेप फुकट जाते.

तोवर घरचा झोपाळा कामाला लावा. त्याला बसवा, समोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. तीन-चार झोके द्या आणि झोपाळा धरून थांबा. मनात दहा आकडे मोजा, तोंडाने चकार शब्द नको. त्याने 'दे' म्हटलं, हात हलवला, नुसता 'अं' केला तरी लगेच 'दे! झोका दे!' म्हणत झोका द्या. रोज दहा मिनिटं, दोनदा. चूक होते ती दोन ठिकाणी : आजी दहा मोजण्याआधीच झोका देते, किंवा 'म्हण ना, झोका म्हण' असा धोशा लावते. परीक्षा घेतली की मूल गप्प होतं. रडेपर्यंत अडवायचंही नाही.

असंच खाण्याचं. एका हातात केळं, दुसऱ्यात बिस्किट धरून 'केळं की बिस्किट?' विचारा आणि थांबा. तो 'पा' म्हणाला तर तुम्ही 'पाणी दे' म्हणा, एकच शब्द वाढवून. मागण्याआधी पेला पुढे करणारी माया जरा आवरा. जेवताना मोबाइल बंद.

चावणं हे बरंचसं न आलेल्या 'नको'चं काम करतं. चावायला येताच हात धरा, 'नको!' म्हणून हाताने नको दाखवा आणि ती वस्तू बाजूला करा. उपदेश नको. कणकेचा डबा वर ठेवून खाली दोन रिकामे डबे आणि वाटीभर राजमा द्या, तुम्ही शेजारी असाल तेव्हाच. दाणा नाकात जातो.

हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ गाठा. एरवीही वाचा-उपचारतज्ज्ञांची वेळ आत्ताच घ्या. जाताना त्याच्या शब्दांची यादी आणि झोपाळ्यावरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या, कारण तिथे गेल्यावर तो तोंड उघडणार नाही.