एआय सगळं लिहून देत असेल, तर कॉलेजात मूल्यशिक्षणाचा पेपर सक्तीचा करावा का?

नको. तो पेपरही पोरं चॅटजीपीटीकडूनच लिहून घेतील, आणि 'प्रामाणिकपणाचे महत्त्व' या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क पडतील.

मी नाशिकमध्ये अर्थशास्त्र शिकवतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्याकडे फील्ड प्रोजेक्ट आला. फायली सगळ्या एकाच साच्यातल्या: प्रस्तावना, समस्या, उपाययोजना, निष्कर्ष. भाषा गुळगुळीत, विषय शेतीचा पण शेतकरी कुठेच नाही. एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा भरवसा नाही, ती साध्या पोरालाही चोर ठरवतात. म्हणून कामच बदललं. लासलगाव किंवा पिंपळगावला कांदा विकलेल्या ओळखीच्या शेतकऱ्याची हिशोबपट्टी आणा, खर्च वजा जाता हातात काय उरलं ते मांडा आणि वर्गात तोंडी सांगा. टायपिंगला एआय वापरा, माझी हरकत नाही.

निफाडकडच्या एका मुलाने घरचाच हिशोब आणला. बी, खतं, औषधं, लागणीची रोजंदारी, गाडीभाडं, सगळं चोख. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "आईची मजुरी कुठंय?" तो म्हणाला, "आईला कोण पैसे देतं?" झालं, तास संपेपर्यंत वाद. त्या वादातच मी ए2 (शेतकऱ्याच्या खिशातून झालेला खर्च) आणि ए2+एफएल (त्यात घरच्यांची बिनपैशाची मजुरी मिळवून) यांतला फरक सांगितला. कृषी मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना घरच्या माणसांच्या राबण्याचीही किंमत धरतो. (कांद्याला हमीभावच नाही, तो भाग वेगळा.) हीच व्याख्या आधी फळ्यावर लिहिली असती, तर वहीत उतरवून वही मिटली असती. त्याने घरी आईला विचारून दिवस मोजले, हिशोब परत मांडला. नफा म्हणून दाखवलेला आकडा तोट्यात गेला.

एमबीबीएसला 2019 पासून 'एटकॉम' आहे, म्हणजे डॉक्टरची वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग. त्यात पहिल्याच वर्षी 'रुग्ण असणं म्हणजे काय' असा धडा आहे. वॉर्डात नेऊन शिकवला तर सोनं, स्लाइडवर उरकला तर तोही मूल्यशिक्षणाचा पेपरच.

खरी अडचण वेळेची. तुकडीत शंभरावर मुलं आणि शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावर. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तास संपल्यावर मुलाशी बोलत बसण्याचे नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये एआय लॅबचा विषय निघाला, की मी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा कधी भरणार ते विचारतो. प्राचार्य म्हणतात, सर, ते शासनाच्या हातात आहे.